वहिनींचं बटण

कुणाच्या शेजारी बसून काम करायचं असलं की माझ्या वहिनी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. शेजारच्याने फोनवर कितीही घोळ घालू दे, भलतंच काहीतरी दाबू दे, एकच पान पुन्हा पुन्हा उघडू दे, त्या तोंड उघडत नाहीत. मदत करायला हात शिवशिवतात म्हणून ते दाबून ठेवायचे, असं त्यांचं म्हणणं. माणूस नेमका कुठे अडतो ते बघायचं असतं. आपण बोट दाखवलं की तो अडायचा थांबतो आणि आपल्याला काहीच कळत नाही.

मी चष्मेवाला. खाली माझं दुकान, वर आमचं घर. घराच्याही वर, जिन्याच्या टोकाच्या ज्या खोलीत पूर्वी फ्रेम्सची रिकामी खोकी पडलेली असायची, ती आता वहिनींच्या कामाची खोली आहे. मीही दिवसभर माणसांना खुर्चीत बसवून "हे बरं की आधीचं बरं?" असंच विचारत असतो, त्यामुळे वहिनींचं काम घरात सगळ्यात आधी मला कळलं असं मी समजतो. फरक एवढाच की मी निदान विचारतो. या बाई काही विचारतच नाहीत. नुसत्या बघत बसतात, आणि बघून झालं की वर जाऊन जे केलं होतं ते मोडून टाकतात.

आधी त्या एका मोठ्या कंपनीत होत्या. लोकांनी फोन खाली ठेवू नये याचा बंदोबस्त करणं हे तिथलं काम. पगार उत्तम, खुर्ची मऊ, चहा फुकट. एक दिवस तिथल्या साहेबांनी सभेत सांगितलं की आपले लोक आता सरासरीपेक्षा जास्त वेळ चिकटून राहतात, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनीही वाजवल्या. घरी येऊन मात्र म्हणाल्या, चिकटून राहतात हे तर माशीबद्दल बोलतात. महिनाभरात राजीनामा. माझा थोरला भाऊ जहाजावर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. त्याने फोनवर एवढंच विचारलं की आता काय करणार. वहिनी म्हणाल्या, माहीत नाही. माझ्या भावाला बायकोचं हे "माहीत नाही" फार आवडतं. मी मात्र असं उत्तर ऐकलं की हिशेबाची वही उघडून बसतो.

काय करायचं ते बाबांनी ठरवलं. बाबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, डोळ्याला भिंग लावून. घड्याळांखालोखाल प्रेम आमच्या गावच्या फुटबॉल संघावर. हा संघ जिंकत नाही. म्हणजे कधीतरी जिंकतो, पण त्याची सवय कुणाला लागू नये अशा बेताने. तरीही प्रत्येक सामन्याला मैदानाच्या मागच्या स्टँडवर तीच माणसं येतात, त्याच बाकांवर बसतात आणि त्याच खेळाडूंना शिव्या देतात. मागच्या स्टँडला छप्पर नाही. पुढच्या स्टँडला आहे, पण तिथे बसणाऱ्यांना आमची माणसं प्रेक्षक म्हणतात, आणि तो शब्द ते चांगल्या अर्थाने वापरत नाहीत.

या मंडळींचा फोनवर, एका मोठ्या नावाच्या ठिकाणी गट होता. तिथे सगळी कशी गोडीगुलाबीने भांडायची. पण त्या ठिकाणाची रीत अशी की ज्यावर जास्त भांडण, ते सगळ्यात वर. हळूहळू गटात भांडणंच उरली, माणसं गेली. एका बाईने मुलीच्या बारशाचा फोटो टाकला तो कुणाला दिसलाच नाही, आणि कोण्या उपटसुंभाने गोलरक्षकाच्या आईवरून लिहिलं ते आठवडाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बाबा तणतणत जिना चढून वहिनींच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, तुला हे येतं ना? मग आम्हाला आमचा स्टँड बांधून दे."

वहिनींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण त्या निघाल्या. बसच्या कंडक्टरच्या घरी, दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या घरी, बेकरीवाल्याच्या भट्टीसमोर, लग्न होऊन दुसऱ्या देशात गेलेल्या एका मुलीशी फोनवर. प्रत्येकाच्या शेजारी हात मांडीखाली. कंडक्टर आमच्या बाबांचा स्टँडवरचा शेजारी. तो म्हणे रेफरीला उद्देशून लांबलचक काहीतरी लिहायचा, स्वतःशी मोठ्याने वाचायचा, पुसून टाकायचा आणि मग समाधानाने पाणी प्यायचा. वहिनींनी हे तीन-चारदा पाहिलं. त्यावरून त्यांनी ओळखलं की या माणसाला लिहायचं आहे, कुणी वाचावं असं काही नाही.

म्हणून फोनवर "मागचा स्टँड" उघडला तेव्हा त्यात एक शिव्यांची खोली होती. तिथे रेफरीला वाट्टेल ते बोला. कुणी उत्तर देऊ शकत नाही, आणि दर पहाटे खोली आपोआप धुतली जाते. दुसरं म्हणजे तिथे जे आधी लिहिलं ते आधी, नंतरचं नंतर. कुणालाही कुणाच्या डोक्यावर बसता येत नाही. आणि नवीन सगळं वाचून झालं की खाली एक ओळ येते: "संपलं. उठा आता." या ओळीवरून केवढं रण माजलं! आम्हाला उठवणारी तू कोण, असं लोक विचारायचे. पण उठायचे. वहिनींचा हिशेब साहेबांच्या बरोबर उलटा होता. माणूस आला, त्याला हवं ते मिळालं आणि तो उठून आपल्या कामाला गेला, म्हणजे जमलं.

या सगळ्यामागे त्यांचं एक ब्रीदवाक्य आहे. माणूस चुकत नाही, बटण चुकतं. कुणी म्हणालं, मला जमत नाही हो, माझंच डोकं चालत नाही, की वहिनी लगेच म्हणतात, तुमचं डोकं छान आहे, माझं बटण वाईट आहे. लोकांना हे ऐकून इतकं बरं वाटतं! मी माझ्या दुकानात असं म्हणायला लागलो तर दुकान बंद करावं लागेल, पण ते असो.

स्टँडवर सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते बाबांचं वर्णन. घरच्या मैदानावर सामना झाला की बाबा घरी येऊन, चहा घेऊन, टॅब्लेटसमोर बसून बोलायचे आणि यंत्र ते लिहून घ्यायचं. घड्याळांनी बोटं आखडलेली, त्यामुळे ते पहिल्यापासून बोलूनच लिहीत. वहिनी नंतर स्वल्पविराम बघायच्या. रात्रपाळीच्या नर्सबाई, भट्टी सोडून जाता न येणारा बेकरीवाला, ती परदेशातली मुलगी, असे कितीतरी लोक बाबांच्या डोळ्यांनी सामना बघायचे. बाबा नुसता गोल सांगत नसत. गोल खाल्ल्यावर आमचा गोलरक्षक खांबाला कसा टेकला ते सांगत. बाबांना आई गेल्यानंतर या वर्णनाइतकं दुसऱ्या कशानेच उभं केलं नाही, हे मी साफ सांगतो. आम्ही मुलांनी तर नाहीच.

मग लोकांनी दुरुस्तीचं बटण मागितलं. बाहेरगावच्या सामन्यांचं वर्णन कुणीही लिहायचं आणि त्यात ढीगभर चुका असायच्या. त्यावरून भांडणं. वहिनींनी बटण केलं, तेही मोठ्या नजाकतीने. वाचणाऱ्याने चुकीच्या ओळीवर बटण दाबायचं, बरोबर काय ते लिहायचं. ते लिहिणाऱ्याकडे गुपचूप जायचं. त्याने "मान्य" दाबलं की ओळ बदलायची, कुणाची शोभा नाही. चार दिवसांत लोक एकमेकांचे स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त करू लागले. वहिनी खूश होत्या.

अडले फक्त बाबा.

वहिनींनी त्यांना मुद्दाम एक खोटी दुरुस्ती पाठवली आणि शेजारी जाऊन बसल्या. बाबांना "मान्य" सापडेना. बोट काचेवर इकडून तिकडे फिरलं. मग ते म्हणाले, "सूनबाई, तुझं बटण फार फिकं आहे." वहिनी तत्काळ वर. बटण गडद झालं, जोडीला दुरुस्तीचंही. पुढच्या वेळी बाबा म्हणाले, लहान आहे. बटण मोठं झालं. मग म्हणाले, कोपऱ्यात कशाला ठेवलंस, माणसाने कोपरे धुंडाळत बसायचं का? बटण मध्यावर आलं. हे आठवडेच्या आठवडे चाललं होतं. शेवटी त्या बटणाने अर्धा पडदा व्यापला आणि नाकापेक्षा मोती जड झाला. बेकरीवाल्याने लिहिलं, वहिनी, हे बटण आहे की दुकानाची पाटी? वहिनींनी त्याला गंभीरपणे उत्तर दिलं की एक माणूस जरी अडत असेल तर बटण चुकीचं आहे.

त्याच सुमारास एक महत्त्वाचा सामना झाला. हरलो असतो तर संघ खालच्या श्रेणीत घसरला असता, आणि आमचा संघ एकदा घसरला की कुठे थांबेल याची खात्री नाही. मी दुकानात होतो, रेडिओ लावून. शेवटच्या मिनिटाला भुंग्याने गोल मारला. भुंगा म्हणजे आमचा सगळ्यात बुटका खेळाडू, चेंडू पायाने ढकलत कुणाच्या तरी दोन पायांमधून घुसला म्हणे. संध्याकाळी बाबांनी वर्णन लिहिलं. फार सुंदर. त्यात शेवटचा गोल शिडीने मारला होता, उंच उडी घेऊन, डोक्याने. शिडी हा आमचा सगळ्यात उंच खेळाडू, आणि तो मध्यंतरालाच लंगडत बाहेर गेला होता.

मला वाटलं, म्हातारपण. आनंदात माणूस चुकतो.

दोन दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. गिऱ्हाईक होतं तोवर काउंटरच्या टोकाला उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या की भावजी, बटण बिघडलंय. बाबांच्या लेखात चूक आहे असं वहिनींना कुणीतरी सांगितलं होतं, त्यांना स्वतःला तर शिडी आणि भुंगा यांत फरक माहीत नव्हता. पण दुरुस्ती एकही आली नव्हती. जे लोक स्वल्पविराम सोडत नाहीत त्यांनी गोल सोडला? म्हणून त्यांनी मागचं सगळं तपासलं. सगळ्यांच्या लेखांवर दुरुस्त्यांचा पाऊस. बाबांच्या लेखांवर, बटण आल्यापासून, वहिनींच्या खोट्या दुरुस्त्या सोडल्या तर एकसुद्धा नाही. म्हणजे बाबांच्या पानावर इतरांचं बटण चालतच नसणार. मी माझ्या फोनवरून दाबून पाहिलं. व्यवस्थित चाललं.

"मग लोक का दाबत नाहीत?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच कोडं होतं. मी दुकानाला कुलूप घातलं आणि आम्ही दोघं कंडक्टरकडे गेलो, कारण तो बाबांचा सगळ्यात जवळचा आणि तोंडाने सगळ्यात मोकळा.

कंडक्टर आडवा होता. कमरेखाली गरम पाण्याची पिशवी, खिडकीत वाळत घातलेला गणवेश. पाठ धरल्यामुळे तो त्या सामन्याला गेला नव्हता. वहिनी स्टुलावर बसल्या, सवयीने हात मांडीखाली, आणि त्यांनी विचारलं की बटणात काय चुकलंय ते सांगा. दिसत नाही का नीट?

कंडक्टर माझ्याकडे बघेना. पिशवी सरकवत बसला. मग म्हणाला, "बटण दिसतं हो, वहिनी. सगळ्यांना दिसतं. बाबांना दिसत नाही म्हणून तर आम्ही दाबत नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. वर्ष झालं असेल. बाबा एकदा स्टँडवर भलत्याच बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, आज इथून बघू. नंतर एकदा आमचा गोल झाला तेव्हा सगळे उठल्यावर, एक श्वास उशिरा उठले. त्या दिवसापासून कंडक्टर सामनाभर मोठ्याने बडबडू लागला, जणू त्याला सवयच आहे. "अरे, शिडीकडे दे, डावीकडे, डावीकडे, गेला, बाहेर गेला." बाबा कधी म्हणाले नाहीत की सांग, हा कधी म्हणाला नाही की सांगतो. बाकीच्यांनी बघितलं आणि कानाडोळा केला, आणि जे मैदानावर येत नाहीत त्यांच्याही कानावर हळूहळू गेलं. त्या दिवशी शेजारी कंडक्टर नव्हता. बाबांनी गर्दीचा आवाज ऐकला आणि पुढचं मनाने रचलं.

घरी येताना मी रस्त्यात थांबलो. मला इतका राग आला होता की कुणाचा ते कळेना. मी चष्मेवाला! गावातल्या निम्म्या नाकांवर माझ्या फ्रेमा आहेत. बाबांना नंबर तपासू म्हटलं की म्हणायचे, अरे, तुझ्या चष्म्याने मी मुंगीचे पाय मोजतो. चहा ओतताना कपात बोट धरायचे आणि मी त्यांना ओरडायचो की बाबा, बोट काय बुडवता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी तडक वर जाऊन जाब विचारणार होतो. वहिनींनी माझी बाही धरली.

"हात खाली ठेवा, भावजी," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "ते मला सांगत होते. दर वेळी सांगत होते. आणि मी बटण मोठं करत बसले."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना मी बाबांना खुर्चीत बसवलं. आश्चर्य म्हणजे ते मुकाट्याने बसले. मी भिंगं बदलत गेलो. हे बरं की आधीचं बरं? दोन्ही सारखंच, ते म्हणाले. हे? सारखंच. मग मी चौकटी आखलेला कागद समोर धरला, मध्ये ठिपका असतो तो, आणि ठिपक्याकडे बघायला सांगितलं. बाबा म्हणाले, कडेच्या चौकटी आहेत. मधल्या कुणीतरी अंगठ्याने पुसल्यात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं, लांब नावानिशी. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचं दिसत राहील. चष्म्याचा कुठलाही नंबर उपयोगाचा नाही. औषधाने फार तर वेग कमी होईल.

पण हे नंतरचं. त्या दुपारी बाबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, सवयीप्रमाणे स्वच्छ, आणि विचारलं, "स्टँडवर कुणाला कळलंय?"

मी वहिनींकडे बघितलं. नाही म्हणा, असं मी डोळ्यांनी विनवत होतो. एका शब्दाने काय बिघडतं? वहिनी दुकानातल्या बाकावर बसल्या होत्या, हात मांडीखाली. त्यांना खोटं बोलता येत नाही असं नाही. भाऊ जहाजावरून विचारतो तेव्हा त्या सगळं छान आहे असं सर्रास सांगतात. पण ज्याच्यासाठी काम केलं त्याच्याशी त्या खोटं बोलत नाहीत.

"सगळ्यांना, बाबा," त्या म्हणाल्या. "वर्षभर."

"आणि कुणी बटण दाबलं नाही?"

"नाही."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. माणसं एवढी जीव लावतात, अजून काय हवं? बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मेलेल्या माणसाचं बोलणं कुणी खोडून काढत नाही," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून वर गेले.

त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं. पुढच्या घरच्या सामन्याला गेले नाहीत. त्या वेळी ते खिडकीशी बसून एक जुनं घड्याळ उघडत आणि मिटत होते, बोटांनी. मैदान आमच्या घरापासून लांब नाही, आवाज येतो. गोल झाल्याचा आवाज आला तेव्हा त्यांची बोटं थांबली. स्टँडवर त्या दिवशी वर्णनाची जागा रिकामी राहिली. कुणी विचारलं नाही, कुणी दुसरं लिहिलं नाही. मला त्या सगळ्या सभ्य माणसांचा संताप आला. भांडा ना लेको! शिव्यांची खोली दिली आहे ती कशाला?

वहिनी त्या दिवसांत वरच्या खोलीत फारशा गेल्या नाहीत. बाबांजवळ बसून राहायच्या. एकदा मात्र दुकानात येऊन त्यांनी मला ऑफसाइड म्हणजे काय ते विचारलं. मी काउंटरवर चष्म्याच्या डब्या मांडून समजावलं. हा बचावपटू, हा आपला, चेंडू इथून सुटला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कळलं नाही, पण ठीक आहे.

पुढच्या सामन्याच्या दिवशी त्या बूट घालून बाबांच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला मैदानावर जायचंय. लोकांचा स्टँड बांधला आणि खरा स्टँड अजून पाहिला नाही, हे बरं दिसत नाही. एकटीने जायला नको वाटतं.

"तुला त्यातलं काय कळतं?" बाबा म्हणाले.

"काहीच नाही. कुणीतरी समजावून सांगणारं पाहिजे ना शेजारी."

बाबांना डाव कळला होता, ते काही बोळ्याने दूध पीत नव्हते. तरी त्यांनी बूट मागितले. मी दुकान बंद केलं. आमच्या दुकानाचं त्या महिन्यात काय झालं ते विचारू नका.

स्टँडवर वहिनी बाबांच्या उजव्या हाताला बसल्या. डाव्या हाताला कंडक्टर, पाठीला पट्टा लावून. त्याला वहिनींनी आधीच बजावलं होतं की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तो सामनाभर हात मांडीखाली दाबून बसला होता, आणि सांगतो, त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

कारण वहिनी बोलत होत्या. त्या जे दिसेल ते सांगत होत्या, आणि त्यांना भलतंच दिसत होतं. "पिवळ्या शर्टवाला पडला. कुणी ढकललं नाही, आपला आपणच पडला. आता एका डोळ्याने बघतोय की शिट्टी वाजते का." "चेंडू तिकडे गेलाय, पण आपला गोलरक्षक खांबाशी काहीतरी बोलतोय. खरंच, ओठ हलतायत." "तो बुटका धावतोय. सगळे उजवीकडे धावतायत आणि हा एकटा डावीकडे." बाबा आधी नुसते ऐकत होते. मग करवादले, चेंडू कुठाय ते सांग, सूनबाई, चेंडू! वहिनी म्हणाल्या, चेंडू मला सापडत नाहीये, माणसं दिसतायत. बाबांनी कपाळावर हात मारला. पण जरा वेळाने हळूच विचारलं, "खांबाशी बोलतो? रोज बोलतो का काय?" आणि मी कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते बघितलं, घड्याळ उघडल्यावर नेमका बिघाड सापडला की यायचं ते.

सामना आम्ही हरलो. ते चालायचंच.

घरी येऊन बाबांनी चहा घेतला. मला चहा ओतू दिला नाही, कपात बोट धरून स्वतःच ओतला, आणि मी तोंडाला कुलूप घातलं. मग वर वहिनींच्या खोलीत जाऊन टॅब्लेटसमोर बसून बोलू लागले. पहिली ओळ त्यांनी अशी सांगितली: "डोळे सुनेचे, शब्द माझे. दोघांच्याही चुका असतील. बटण खाली आहे, लहान केलं आहे, तुम्हाला दिसेल." मग गोलरक्षकाचा आणि खांबाचा संवाद, आपणच पडलेला पिवळा, एकटा डावीकडे धावणारा भुंगा. बाबांचं इतकं जिवंत वर्णन मी वाचलं नव्हतं. चुका खंडीभर होत्या. पेनल्टी वहिनींनी पाहिली होती, पण ती पेनल्टी आहे हे त्यांना कळलं नव्हतं, म्हणून बाबांनी तिला कॉर्नर समजून अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता.

लेख स्टँडवर गेला. बाबा मला काय त्याचं असा चेहरा करून खुर्चीत मागे रेलून बसले. वहिनी शेजारी. मी दारात. लोक वाचत होते ते वहिनींच्या पडद्यावर दिसत होतं. वाचत होते आणि उठून जात होते. संपलं, उठा आता. कुणी काही दाबत नव्हतं. माझ्या मनात आलं की आपणच एखादी दुरुस्ती करून टाकावी, खोट्या नावाने. मी फोन बाहेरही काढला. वहिनींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी फोन खिशात ठेवला.

मग पडद्यावर काहीतरी उजळलं. वहिनी वाकल्या. पडदा स्वतःकडे वळवून त्यांनी वाचून दाखवलं. नर्सबाईंनी लिहिलं होतं. "बाबा, तो कॉर्नर नव्हता, पेनल्टी होती. रेडिओवर ऐकलं मी. एवढा मोठा परिच्छेद फुकट गेला तुमचा."

बाबा ताठ बसले. "पेनल्टी? कुणी सांगितलं? परत वाच."

वहिनींनी परत वाचलं. तोवर दुसरी आली, बेकरीवाल्याची. मग कंडक्टरची, सामनाभर दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडल्यासारखी, पानभर लांब. मग ती परदेशातली मुलगी. मग कुणीतरी अनोळखी, जो कधी काही लिहीत नसे, त्याचं म्हणणं की भुंगा डावीकडे नाही, उजवीकडेच धावत होता. बाबा प्रत्येकाशी भांडत होते. हे मान्य कर, हे मुळीच नको, याला म्हणावं, तू कुठे होतास, छपराखाली? वहिनी हसत होत्या, आणि त्यांचे डोळे भरून वाहत होते. या वेळी हात मांडीखाली नव्हते. बाबा सांगतील ते बटण त्या दाबत होत्या.

मी खाली जाऊन पानं वाढली आणि जेवायला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. शेवटी जिन्याशी जाऊन ओरडलो की अन्न गार होतंय.

"थांब जरा," वरून बाबांचा आवाज आला. "लोक मला खोडून काढतायत."